फॅट का उतरलं, ते सांग की

पहिली सभा

बेळगावच्या पश्चिमेला, मार्कंडेय नदीच्या काठी भाताचं एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण ज्यांची ही हकीकत आहे त्यांनी याच अटीवर लिहायला होकार दिला. गावात बायकांची दूध उत्पादक सोसायटी आहे. सभासद 140 च्या आसपास. बहुतेक घरं मराठी, खालच्या गल्लीतली 20-22 घरं कन्नड बोलणारी. दिवसाला सरासरी 600 लिटर दूध जमतं, आणि दुधातली चरबी, म्हणजे फॅट, मापून त्यावर दर ठरतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला सगळं गाव वैनी म्हणतं, मीही म्हणतो. वय चाळिशीचं, शिक्षण दहावी, हिशोब चोख.

सहकारी सोसायटीला वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आपल्याकडं ती सप्टेंबरात, भात निसवायच्या सुमाराला होते. इतिवृत्त, अहवाल, ताळेबंद, बोनस आणि मग उप्पीट-चहा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अहवाल चेअरमनबाईंचे यजमान वाचायचे. त्या वर्षी बायकांनीच ठरवलं की सोसायटी आपली, तर वाचणारीही आपलीच पाहिजे. वैनी उभ्या राहिल्या.

देवळाशेजारचा पत्र्याचा हॉल. स्टेजवर सात खुर्च्या, सात पाहुणे. शाल-श्रीफळ आणि हारतुऱ्यांत 40 मिनिटं गेली. मग वैनींनी चार फुलस्केप कागद हातात घेतले आणि सुरुवात केली, “सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान मान्यवर आणि माझ्या भगिनींनो.” पहिलं पान बरं गेलं. दुसऱ्या पानावर “हा अहवाल सादर करण्यासाठी मी आपणासमोर उभी राहिले… राहिलो… राहिले” असं झालं आणि दाराशी उभी असलेली पोरं फिसकन हसली. तिथून आवाज खाली गेला तो गेलाच. कागद थरथरताना मागच्या ओळीतनंही दिसत होता. माईक तोंडापासून हातभर लांब, त्यामुळं निम्मी वाक्यं पत्र्याखाली विरून गेली.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरची एक आजी म्हणाली, “वैनी, ते असू दे. फॅट का उतरूलालंय ते सांग की.”

वैनींनी कागद चाळले. तिसरं पान, चौथं पान, परत तिसरं. “ते पुढं येणार हाय,” म्हणाल्या. पुढं काहीच नव्हतं. मागं चहाचा वास सुटला होता, बायका पदर झटकत उठायला लागल्या, आणि चेअरमनबाईंनी आभार मानून टाकले. त्या रात्री वैनींनी सांगितलं की वह्या लिहीन, दूध मापीन, पण माईकपुढं परत उभी राहणार नाही.

ते भाषण मी लिहिलं होतं.

लाल पेनाची करामत

मी शहरातल्या एका हायस्कुलात 31 वर्षं मराठी शिकवलं आणि तेवढीच वर्षं मुलांना वक्तृत्व स्पर्धेला तयार केलं. शाळेच्या कपाटात त्या ढाली अजून आहेत. माझी पद्धत ठरलेली. सुभाषितानं उघडायचं, इतिहासातला दाखला द्यायचा, तिसऱ्या मिनिटाला आवाज चढवायचा, उजवा हात वर न्यायचा आणि कवितेच्या दोन ओळींवर संपवायचं. बक्षिसं मिळायची, म्हणून पद्धत बरोबर आहे असं मी धरून चाललो होतो.

शाळेच्या स्पर्धेत श्रोते कोण असतात? टेबलामागं तीन परीक्षक. विषयमांडणी, भाषा, आवाज, हावभाव, प्रत्येकाला गुण. बाकी बाकांवर बसलेली मुलं स्वतःच्या नंबराची वाट बघत मनातल्या मनात आपलंच भाषण घोकत असतात. ती ऐकत नसतात. म्हणजे तीन दशकं मी मुलांना तीन माणसांशी बोलायला शिकवत होतो, आणि त्या तिघांनाही विषयाचं काही देणंघेणं नव्हतं.

वैनींसाठी लिहिलेलं भाषण मी नंतर घरी काढून वाचलं. पहिल्या पानावर लोकमान्य टिळक होते. 1916 साली त्यांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली, मे महिन्यात इथं स्वराज्यावर मराठीतून भाषण केलं. ते आणि नगरची भाषणं पुढं करून सरकारनं त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, बॅरिस्टर जिना हायकोर्टात त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि तो हुकूम रद्द झाला. सगळं खरं. त्याच पानावर 1924 चं टिळकवाडीतलं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव. तेही खरं. दुसऱ्या पानावर 1970 पासूनचं ऑपरेशन फ्लड आणि श्वेतक्रांती. चार पानांत ‘फॅट’ हा शब्द एकदा आला होता, तोही एका तक्त्याच्या मथळ्यात.

आणि सभेला आलेल्या 100 बायकांच्या पोटात प्रश्न एकच होता. जुलैपासून त्यांच्या दुधाचं फॅट उतरलं होतं, पैसे कमी येत होते, आणि फॅट मापायचं मशीन बिघडलंय की कोण लबाडी करतंय अशी कुजबुज नळावर चालू होती. त्यांच्यापुढं आम्ही टिळक ठेवले. स्वतः टिळकांनीसुद्धा आधी फॅटचं विचारलं असतं, असं आता वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आपल्या भागात बायका ‘मी आलो, मी जातो, मी सांगतो’ असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला ते चमत्कारिक वाटतं, पण इथं आई, आजी, सासू सगळ्या तसंच बोलत आल्या. वैनींनी भाषण मला पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा मी लाल पेन घेऊन प्रत्येक ‘सांगतो’चं ‘सांगते’ केलं. शुद्ध मराठी! परिणाम असा की वाक्याच्या शेवटी क्रियापद आलं की त्या थबकत. मराठीत क्रियापद येतं वाक्याच्या शेवटी, म्हणजे प्रत्येक वाक्य नेमकं टेकायच्या जागीच डगमगत होतं. पोरं हसली ती त्यांना नव्हेच, माझ्या दुरुस्तीला हसली.

भीतीचंही जरा सांगतो, कारण ‘धीट व्हा’ म्हणून कुणी धीट होत नाही. शंभर माणसांपुढं उभं राहिलं की शरीराला वाटतं पळायची वेळ आली. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात गार होतात, श्वास वरच्यावर आणि आखूड चालतो. आखूड श्वासात सहा-सात शब्दांचं वाक्य निभतं. मी लिहिलेली वाक्यं 25-30 शब्दांची, ‘ज्याप्रमाणे’नं सुरू होऊन ‘त्याचप्रमाणे’ला पोचणारी. श्वास मधेच संपायचा, आवाज चिरकायचा, आणि तो चिरकला की भीती आणखी वाढायची. ती वाक्यं डोळ्यांनी वाचायची होती. तोंडानं बोलायची नव्हतीच.

सकाळी सहा वाजता

नोव्हेंबरात, सुगी आटोपल्यावर, मी माफी मागायला गेलो. वैनी फोनवर म्हणाल्या, “सर, सहाला डेअरीत या, मागनं मला वेळ नसतोय.” गेलो. कोपऱ्यातल्या पशुखाद्याच्या पोत्यावर बसलो आणि तासभर बसूनच राहिलो.

रांगेत किटल्या, कॅन, पितळी चरव्या. वैनी नमुना घेतात, मशीनला लावतात, आकडा मोठ्यानं सांगतात, वहीत लिहितात आणि त्याच वेळी रांगेशी बोलत असतात. एकीला, “तुझी म्हस व्याली म्हणून ऐकलो, चीक कुठाय गं आमचा?” दुसरीला, “दूध ढवळून आण की, वरची साय चरवीला ठेवलीस आणि खालचं मला दिलीस.” खालच्या गल्लीतली एक अक्का आली की मधेच कन्नड सुरू, आणि परत मराठी, रांगेतल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मशीन आकडा दाखवेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढा वेळ त्या गप्प. सगळी रांग त्या गप्प बसण्याकडं कान लावून.

एका पोरसवदा सुनेनं विचारलं, फॅट 3.1 च का? वैनींनी उलट विचारलं, “वासरू कधी सोडतेस? आधी की मागनं?” मागनं, म्हणाली. “मग मागचं घट्ट दूध वासरू पितंय आणि पातळ तू मला आणतेस.” रांग हसली, सूनही हसली, आणि पुढच्या तिघी-चौघी जवळ सरकल्या. मग वैनींनी पावसाळ्याचं सांगितलं. नदीकाठचं हिरवं, पाणचट गवत भरपूर घातलं की दूध वाढतं पण फॅट उतरतं, कारण सुका चारा कमी पडतो. रवंथ करायला पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, पाहिजे, कडबा पाहिजे. गुराच्या कोठ्यात सुक्या चाऱ्याचा धागा कुजल्यावर जे तयार होतं त्यातनं दुधातली बरीचशी चरबी बनते. हे त्यांनी एवढ्याच सोप्या शब्दांत सांगितलं, एका हातानं नमुना ढवळत.

सगळी माहिती या बाईकडं होती. आवाज होता, थांबणं होतं, थट्टा होती, दोन भाषा होत्या, आणि समोरची प्रत्येक बाई कोणत्या गोठ्यातनं आली तेही ठाऊक होतं. मी माझ्या डायरीत त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. रांग संपल्यावर वाचून दाखवली आणि म्हटलं, वैनी, हेच तुमचं भाषण.

त्या बघतच राहिल्या. “हे भाषण होय? हे बोलणं की!”

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही.

तयारी

पुढच्या सभेला त्या तयार झाल्या जूनमध्ये, तेही चेअरमनबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि दुसरं कोण नव्हतं म्हणून. माझ्या समजावण्याचा त्यात फारसा वाटा नाही.

या वेळी कागद घेतलाच नाही. आधी पंधरा दिवस त्यांनी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकीला एकच विचारलं, “सभेत काय विचारणार हाईस?” आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर रेघा ओढल्या. फॅटच्या रेघा सगळ्यांत जास्त. त्याखाली सरकारचं लिटरमागं 5 रुपये प्रोत्साहनधन कधी जमा होणार, मग बोनस, मग पशुखाद्याचा दर. श्वेतक्रांतीला एकही रेघ नव्हती, हे त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. भाषणाचा क्रम त्या रेघांनीच ठरवला. ताळेबंदाच्या झेरॉक्स काढून दारातच वाटायच्या, मोठे आकडे मोठ्यानं वाचायचे नाहीत. वर्षाचं संकलन 2,19,000 लिटर म्हटलं की कानाला काहीच लागत नाही. ‘दोन गाई, रोजचं दहा लिटर, लिटरला 50 पैसे कमी आले तर महिन्याचे 150 रुपये, म्हणजे घरची चहापूड गेली’ म्हटलं की लागतं. हा हिशोब त्यांनीच मांडला.

सराव आरशापुढं करा, असं मी सांगितलं. जुनी खोड. दोन दिवसांनी म्हणाल्या, आरशात मी पदरच बघत बसतो. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. सासूबाईंना कमी ऐकू येतं. रात्री भाकरी थापताना त्या सासूबाईंना सभेतलं सांगायच्या. सासूबाईंनी “काय?” म्हटलं की ते वाक्य मोडायचं, दोन करायची. दोनदा “काय?” आलं तर शब्दच बदलायचा. महिन्याभरात त्यांच्या बोलण्यातनं ‘सदर’, ‘अनुषंगाने’, ‘उत्पादक सभासद’ असले शब्द आपोआप गळाले. इतका कडक परीक्षक मी कुठल्याही स्पर्धेत बघितलेला नाही.

माझ्या खात्यावर दोनच गोष्टी जमा धरा. एक, माईक. तोंडापासून मूठभर अंतर, मान वळवली तर माईकही वळवायचा, आणि शिट्टी वाजू नये म्हणून माईकचं तोंड स्पीकरकडं करायचं नाही. दुसरी, सुरुवातीचा श्वास. उभं राहिल्यावर लगेच बोलायचं नाही. आतला श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडायचा, मग आपोआप जो आत येतो त्याच्यावर पहिलं वाक्य. पहिलं वाक्य तेवढं पाठ. बाकीच्यासाठी दुधाच्या पावतीच्या पाठीवर पाच शब्द: फॅट, धार, पिंजर, पैसे, बोनस.

मशीन सभेत आणायची कल्पना त्यांची. मी विरोध केला. लाईट जाईल, आकडा भलताच येईल, फजिती होईल. “लाईट गेली तर इन्व्हर्टर हाय,” एवढंच म्हणाल्या.

पाहुण्यांचा प्रश्न मात्र अवघड गेला. सत्कार मागं ठेवा म्हटल्यावर गावातली जाणती मंडळी नाराज झाली. मान आधी, काम मागनं, ही आपली रीत. शेवटी तडजोड अशी निघाली की पाहुण्यांना खुर्चीतच नारळ द्यायचा, हार नाही, पाच मिनिटांत आटपायचं. एक पाहुणे त्यावरनं आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दुसरी सभा

तोच हॉल, तोच महिना, बाहेर पाऊस. वैनी स्टेजवर गेल्या नाहीत. स्टेजखाली, सतरंजीच्या कडेला टेबल, त्यावर मशीन आणि दोन लोटे. श्वास सोडताना त्यांचे खांदे खाली आलेले मला मागून दिसले.

“गेल्या साली आजीनं मला एक विचारली होती. मी उत्तर दिलो नाही. आज देतो.”

दाराशी पोरं होती, पण हसलं कुणी नाही.

सगळ्यांत जास्त तक्रार करणारी जी सभासद होती, तिलाच वैनींनी पुढं बोलावलं. दोन्ही लोटे तिच्याच गोठ्यातले, त्याच सकाळचे, एकाच गाईचे. एकात पहिल्या धारा, दुसऱ्यात शेवटच्या निचरून काढलेल्या. ढवळायचं तिनंच, मशीनला लावायचं तिनंच. पहिला आकडा येणार तोच पावसाची सर पत्र्यावर कोसळली. आपल्याकडची सप्टेंबरची सर ज्यानं पत्र्याखाली ऐकलीय त्याला सांगायला नको, माईक असून नसल्यासारखा. मी मागं बसून हात चोळत होतो. वैनी काहीच बोलल्या नाहीत. माईक खाली ठेवला आणि मशीनच्या पडद्याकडं बोट केलं. पुढच्या ओळीतल्या बायका उठून टेबलाभोवती आल्या, मागच्या त्यांच्या खांद्यावरनं डोकावल्या. 1.8. मग दुसरा लोटा. 6.9. आकडा तोंडातोंडी मागं गेला. पावसात कुणाला काही ऐकू येत नव्हतं, तरी माझ्यापर्यंत 6.9 पोचला.

सर ओसरल्यावर त्यांनी परत माईक घेतला आणि वासराचं, पिंजराचं, दूध ढवळून आणायचं सांगितलं. डेअरीतलंच सगळं, फक्त थोडं सावकाश. मधे खालच्या गल्लीकडं वळून म्हणाल्या, “निम्म हालु, निम्म लेक्क, नीवे नोड्री,” तुमचं दूध, तुमचा हिशोब, तुम्हीच बघा. पाठ केलेलं नव्हतं ते. तिथल्या अक्का, ज्या एरवी सभेत भिंतीला टेकून बसतात, त्यांच्यातल्या दोघींनी पहिल्यांदा प्रश्न विचारले.

एकीनं नेमकं बोट ठेवलं. “धारेचं कळलं. पण मशीन बरोबर हाय म्हणून कोण सांगणार?” वैनी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, मशीन चुकत नाही असं मी शपथेवर सांगणार नाही. मग ठरलं की महिन्यातून एकदा चार घरचे नमुने गर्बर पद्धतीनंही तपासायचे, म्हणजे ॲसिड घालून, नळी फिरवून, चरबी वेगळी काढून डोळ्यांनी मोजायची, आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. प्रोत्साहनधनाबद्दल त्या सरळ म्हणाल्या, “कधी येणार ते मला ठाऊक नाही. आले की त्याच दिवशी फळ्यावर लिहितो.” हे उत्तर मी त्यांना लिहून दिलं नसतं. माझ्या भाषणांत वक्त्याला ठाऊक नाही असं कधी काही नसायचंच.

राहिलेलं

सगळं छान झालं असं समजू नका. बारा मिनिटांचं बोलणं चोवीस मिनिटं चाललं. लोट्यांच्या गडबडीत ताळेबंदाला मंजुरी घ्यायचीच राहिली. बायका चहाला गेल्यावर लक्षात आलं, मग काठी टेकत आलेल्या चेअरमनबाईंनी कप हातात असलेल्यांना परत बसवून हात वर करायला लावले. मशीनबद्दलची कुजबुज संपली नाही, कमी झाली. गर्बरचे आकडे फळ्यावर येतात, कधी दशांशाचा फरक असतो आणि त्यावरनं भांडणही होतं, पण फळ्यापुढं उभं राहून होतं. आणि त्या पहिल्या सालच्या आजी, ज्यांना उत्तर द्यायचं होतं, त्या सभेला आल्याच नव्हत्या; गुडघे दुखत होते. वैनींनी संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यावर बसून सगळं परत सांगितलं. पत्र्याखालच्यापेक्षा ते बरं झालं, असं त्यांचं मत.

जानेवारीत शहरातल्या एका महिला मेळाव्यानं वैनींना बोलायला बोलावलं. दहा मिनिटं, विषय ‘ग्रामीण महिला आणि सहकार’. निरोप माझ्याकडनं गेला. वैनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, तिथं बसणाऱ्या बायका कोण? त्या काय विचारणार? ते मला कळल्याशिवाय मी काय बोलू?”

म्हणून मी आयोजकांना फोन लावला आणि विचारलं, समोर कोण कोण असणार आहे. ते म्हणाले, “काळजी करू नका सर, स्टेजवरच्या पाहुण्यांची यादी उद्या पाठवतो.”